न काळवंडलेला चमचा

"अहो! अहो, काय करताय काय तुम्ही!"

ती ओरडली खरी, पण ओरडून झाल्यावर तिची तिलाच धडकी भरली. मोठ्या माणसांचं घर, कामाचा पहिलाच दिवस, खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरवलेली नाही. पण समोरचं दृश्यच तसं होतं. जेवणघरातल्या त्या लांबलचक टेबलाच्या टोकाला एक तरुण बसला होता. एक पाय खुर्चीवर दुमडलेला, केस विस्कटलेले, आणि स्वारी मजेत उकडलेलं अंडं खात होती. बरं, खा की अंडं, कोण नको म्हणतंय! पण कशाने? तर ज्या चांदीचा साऱ्या शहरात बोलबाला, त्या चांदीच्या चमच्याने! हरणाच्या डोक्याची मूठ असलेल्या, जुन्या, नक्षीदार चमच्याने! आणि तोही पिवळा बलक खरवडून खरवडून...

"अंडं खातोय," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हाला हवंय? अजून एक आहे."

"चांदीच्या चमच्याने अंडं?" तिला श्वास पुरेना. "अंड्याने चांदी काळी पडते, एवढंही माहीत नाही? काळी ठिक्कर! ठेवा तो खाली. ठेवा म्हणते ना!"

त्याने निमूटपणे चमचा खाली ठेवला. इतका निमूटपणे, की हसू दाबतोय हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"आपण कोण?"

"मी चांदी उजळायला आले आहे."

"म्हणजे चांदीवाली."

"आणि तुम्ही?"

"मी..." त्याने पुढ्यातल्या टरफलांकडे पाहिलं. "अंडेवाला."

तेवढ्यात आतून बाईसाहेब आल्या आणि म्हणाल्या, "अरे, तू इथे बसलायस होय! पप्पांनी पाहिलं असतं ना त्या चमच्याला हात लावलेला..." आणि मग तिला कळलं, की आपण आल्या आल्या या घराच्या एकुलत्या एका चिरंजीवांना झापलं आहे. कानाची पाळी अशी तापली तिची, की बस्स.

बाईसाहेबांनी कपाटाची किल्ली आणि भांड्यांची यादी तिच्या हातात ठेवली, "रोज संध्याकाळी मोजून देत जा हं," असं बजावलं, आणि त्या गेल्या.

या घराची चांदी म्हणजे काय, ते त्या शहरात कुणाला सांगावं लागत नसे. साहेबांच्या आजोबांनी घडवून घेतलेला चौऱ्याऐंशी नगांचा सरंजाम. ताटं, वाडगे, पेले, चमचे, झाकणाची भांडी, पाण्याची सुरई. प्रत्येक नगावर द्राक्षांच्या वेली, वेलींत लपलेले पक्षी, मोठ्या भांड्यांना सिंहाच्या पंजाचे पाय. भिंतभर काचेचं कपाट, आत निळी मखमल, वरून दिवे. घरात नवा माणूस आला की साहेब त्याला आधी या कपाटापुढे उभा करत आणि मग बसायला सांगत. भांडी बाहेर निघायची ती फक्त तोलामोलाच्या पाहुण्यांसाठी. 'त्यांच्याकडे चांदीत जेवलो' असं लोक वर्षानुवर्षं सांगत फिरत. काय जेवलो, ते मात्र कुणालाच आठवत नसे.

ही भांडी उजळायचं काम तिच्या बाबांचं. गेली बारा वर्षं ते एकटेच यायचे. दुकानातली बाकी सगळी कामं त्यांनी तिच्या हाती दिली होती, अगदी जोड देण्यापासून नक्षी कोरण्यापर्यंत. पण 'साहेबांची भांडी' म्हटलं की तिला बरोबर न्यायचं नाव काढत नसत. आता मात्र माळ्यावरचा डबा काढताना बाबा स्टुलावरून पडले, मनगट मोडलं आणि हात गेला प्लास्टरमध्ये. इकडे रविवारी दुपारी साहेबांकडे मोठं जेवण, आणि साहेब स्वतः बाहेरगावी, शनिवारी परतणार. तेव्हा नाइलाजाने बाबांनी तिला पाठवलं, तेही शंभर सूचना देऊन. नुसतं कोरड्या फडक्याने पूस. पावडर लावायची नाही. घासायचं नाही. उलटसुलट करून बघत बसायचं नाही.

चांदी उजळायची आणि पावडर लावायची नाही? तिला वाटलं, बाबांचं वय झालं आता.

"चांदीवाली," तो अजून तिथेच होता. "खरंच काळा पडतो का हो चमचा?"

"उद्या सकाळी बघा. धुऊ नका, पुसू नका. इथे खिडकीत ठेवते. नाही काळा पडला तर नाव बदलेन."

"नाव कशाला बदलता? चांगलं आहे की चांदीवाली." त्याने हात पुढे केला. "पैज! काळा पडला तर तुमच्या शेजारी बसून सगळी भांडी पुसेन. नाही पडला, तर तुम्ही माझ्याबरोबर चहा प्यायचा. इथे, या टेबलावर, पाहुण्यासारखा."

"आम्ही कामावर चहा पीत नाही."

"मग हरू नका."

आता सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं! ती खाली मान घालून पेले पुसू लागली. तो काही गेला नाही. पैज लागायच्या आधीच फडकं घेऊन समोर बसला आणि एकच ताट तासभर पुसत राहिला. खिडकीतून ऊन येत होतं. त्या ताटावर पडलेला उन्हाचा कवडसा छतावर नाचायचा, भिंतीवरून खाली उतरायचा आणि हळूच... तिच्या गालावर येऊन थांबायचा. तिने मान वळवली की कवडसा छतावर आणि स्वारी साळसूद.

"ताट स्वच्छ झालं असेल तर खाली ठेवा," ती म्हणाली.

"अजून एक डाग आहे."

"कुठे?"

"शोधतोय..."

तिला हसू आलं. ते लपवायला तिने सुरई हातात घेतली आणि मुठीखाली बोट फिरवलं.

"काय शोधताय?"

"जोड. मूठ वेगळी घडवून जोडतात. जोड चांगला असला तर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र कळतो."

त्याने ताट खाली ठेवलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "मलाही एक आहे. चौदाव्या वर्षी घातला. हृदयाला भोक होतं म्हणे. दोन महिने दवाखान्यात होतो. तेव्हापासून बारा वर्षं बिनबोभाट चालतंय."

"कारागीर चांगला असणार," ती म्हणाली, आणि पटकन नजर खाली वळवली. कारण तिचं बोट सुरईवरच होतं, पण मन भलतीकडेच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती जरा लवकरच आली. केसही नीट विंचरले होते. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिने 'उगाच' म्हटलं असतं.

"हरलात!" तो दारातच उभा होता. चमचा झेंड्यासारखा वर धरलेला. "चांदीवाली हरली!"

"आणा इकडे."

चमच्यावरचा बलक वाळून कडक झाला होता. तिने नखाने त्याची खपली काढली. खाली चमचा लख्ख होता. काळा नाही, तपकिरी नाही, साधी छटासुद्धा नाही.

तिने खिडकीशी जाऊन पाहिलं. फडक्याने पुसून पाहिलं. अंडं लागून रात्रभर राहिलेली चांदी काळी पडत नाही? हे कसं शक्य आहे? लहानपणापासून चांदीत वाढलेली मुलगी ती. काल भांडी पुसताना तिच्या मनात एकदा आलंही होतं, की रंग जरा निळसर वाटतोय. पण या घरातल्या चांदीवर शंका घ्यायची? काल तिने ती घेतली नव्हती. घराच्या नावानेच तिचे डोळे दिपले होते.

"चहा सांगतो," तो आनंदाने आत गेला.

तो वळताच तिने पिशवीतून बारीक कानस काढली आणि चमच्याच्या पाठीवर, मुठीजवळ, दोनदा ओढली.

पिवळं!

पितळ होतं ते, वर निकेलचा मुलामा दिलेलं. तिने वाडगा उपडा केला, त्याच्या बुडाखाली कानशीचं टोक टेकवलं... पिवळं. पेला, पिवळा. ताटाची कड, पिवळी. चौऱ्याऐंशी नगांत चांदी औषधालाही नव्हती!

आणि मग दुसरा विचार आला, त्याने तर ती मटकन खुर्चीतच बसली. बारा वर्षं या भांड्यांना हात लावणारा बाहेरचा माणूस एकच. तिचे बाबा. उद्या हे बाहेर आलं तर बोट कुणाकडे जाणार? खरी चांदी नेली, पितळ आणून ठेवलं, चोर! चाळीस वर्षं जपलेलं दुकानाचं नाव एका दिवसात मातीत जाणार होतं.

"तुमचा चेहरा असा का झाला?" तो चहा घेऊन आला होता. "पैज हरल्याचं इतकं मनाला लावून घेऊ नका हो."

"काही नाही. ऊन लागलं."

"खोलीत?"

ती चहा प्यायली. त्याला काय चव होती, देव जाणे. तो मात्र बोलत होता. या चांदीचा त्याला किती राग आहे ते सांगत होता. शाळेत असताना त्याच्या हातून सुरई पडली होती, तर पप्पा दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. "आमच्या घरात पहिला मान कपाटाला, मग पाहुण्यांना, उरला तर मला. आता रविवारचंच बघा ना. मुलीकडचे येणार आहेत. त्यांना चांदी दाखवायची आहे. आणि जमलंच, तर जाता जाता मलाही."

तिचा कप हातातच राहिला. "मुलीकडचे... म्हणजे? कुणासाठी?"

"माझ्यासाठी. सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं! एका सकाळी माणसाने किती धक्के खायचे, याला काही सुमार?

संध्याकाळी तिने दुकानाचं दार आतून लावलं आणि बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, साहेबांची भांडी पितळेची आहेत."

बाबा दचकले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढला. "तुला सांगितलं होतं, नुसतं पूस म्हणून."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत काय, मीच केलीत ती."

ती भिंतीला टेकली. बाबांनी? तिच्या बाबांनी, जे गिऱ्हाइकाची वितळून उरलेली चिमूटभर चांदीही पुडीत बांधून परत देतात, त्यांनी?

"चोरी नाही केली मी," बाबा पटकन म्हणाले. "बारा वर्षांपूर्वी साहेब स्वतः आले होते, इथे, या बाकावर बसले होते. भरदुपारी, पायी, गाडी न आणता. म्हणाले, 'सगळी विकायची आहे, पण कपाट रिकामं दिसता कामा नये.' एकेक नग आणायचे. मी त्याचा साचा घ्यायचो, पितळेत ओतायचो, वेल न् वेल पुन्हा कोरायचो. सहा महिने लागले. माझ्या हातून असं काम पुन्हा झालं नाही, पोरी. आणि कुणाला दाखवायची सोय नाही."

"पण का विकली?"

"ते नाही सांगणार. शब्द दिलाय."

बारा वर्षं. तिच्या डोक्यात काहीतरी लख्खकन हललं. बारा वर्षं बिनबोभाट चालतंय...

"बाबा, त्या वर्षी त्यांचा मुलगा दवाखान्यात होता का?"

बाबांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते प्लास्टरकडे बघत गप्प बसले. त्यातच काय ते समजलं.

"त्याला माहीत नाही?" तिने विचारलं. "त्याला वाटतं, त्यांना चांदीच प्यारी आहे."

"त्याच्या आईलासुद्धा माहीत नाही. साहेब म्हणाले, पोरगं जन्मभर हे ओझं घेऊन फिरेल. आणि चारचौघांत माझी मान खाली जाईल, तेही नको. दोन्ही खरं होतं. आमची उजळणी म्हणजे काय, माहीत आहे? दार लावून आम्ही दोघं चहा पितो." बाबांनी तिचा हात धरला. "तू तोंड उघडायचं नाहीस. बापाच्या शब्दाची शपथ आहे तुला."

शनिवारी ती कामाला गेली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हरणाच्या चमच्यावरची पिवळी रेघ चोळून चोळून गुळगुळीत झाली, तरी ठिपका काही जाईना. चमचा लपवून ठेवावा, तर बाईसाहेब संध्याकाळी यादी घेऊन मोजायला येणार. शेवटी तिने तो खणात सगळ्यात खाली सरकवला आणि जमेल तेवढा धीर धरला.

"चांदीवाली, कालपासून बोलत का नाही?" तो समोर येऊन बसला. आज कवडसा नव्हता. "उद्या मी त्यांना नाही म्हणून सांगू का?"

"मला काय विचारता?"

"तुम्हालाच विचारतोय." तो पुढे झुकला. "दुसऱ्या कुणाला विचारावंसंच वाटत नाही..."

तिच्या हातातलं फडकं थांबलं. बोलावं? सगळंच बोलून टाकावं?

"आणि नाही म्हणताना पप्पांनाही चार गोष्टी सुनावणार आहे," तो म्हणाला. "तुम्हाला मुलापेक्षा चांदी मोठी वाटते, मग चांदीचंच लग्न लावा म्हणावं."

"असं नका हो बोलू त्यांना!" ती एकदम कळवळली.

"का?"

"...उगाच."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने ओठ घट्ट मिटले. दाराशी पावलं वाजली. साहेब आले होते, उंच, ताठ, प्रवासाने थकलेले. "तुझे बाबा कसे आहेत?" एवढंच त्यांनी विचारलं आणि तिच्या चेहऱ्याकडे इतका वेळ पाहिलं, की तिला मान वर करवेना.

रविवार उजाडला. टेबलावर पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर चौऱ्याऐंशी नग, आणि खिडक्यांतून आत आलेलं भर दुपारचं ऊन. डोळे दिपावेत असा थाट. पाहुणे तिघंच होते, मुलगी, तिचे वडील आणि तिची आई. आई म्हणजे हातातल्या बांगड्यांनी आपण येत असल्याची वर्दी देणाऱ्यांतली. साहेबांनी तिघांना आज कपाटाऐवजी टेबलापुढे रीतसर उभं केलं.

"अस्सल जुनी कारागिरी!" मुलीची आई एका वाडग्यावरून बोट फिरवत म्हणाली. "असा हात आता कुणाला आहे?"

ती भिंतीशी फडकं घेऊन उभी होती, जेवण झालं की भांडी पुसून आत ठेवायला. बाबांचं हे कौतुक ऐकून तिला हसावं की रडावं ते कळेना. पण पुढच्याच क्षणी तिची नजर टेबलावर खिळली. बाईसाहेबांनी मुलीच्या आईसाठी सगळ्यात सुंदर चमचा मुद्दाम शोधून काढला होता. हरणाचा.

सूप आलं. बाईंनी चमचा उचलला, हरणाचं डोकं न्याहाळलं, "वा" म्हणाल्या आणि नक्षी बघायला चमचा उलटा केला.

"हे काय? हे... पिवळं कसं?"

साहेबांचा हात पेल्यावर तसाच राहिला. बाईंनी चमचा नवऱ्याला दाखवला, त्यांनी शेजारचा वाडगा उपडा केला. तिथेही पिवळं.

"अगं बाई, हे पितळ आहे!"

बाईसाहेब पांढऱ्याफटक पडल्या. आणि मग गर्रकन भिंतीकडे वळल्या. "तू! तीन दिवस किल्ली तुझ्याकडे होती! कुठे आहे आमची चांदी? बोल!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलली असती की ती सुटली असती. तिने साहेबांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. आणि खाली मान घालून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण तोंडातून शब्द निघाला नाही.

"गप्प उभी राहिलीस म्हणजे झालं? पोलिसांना बोलावते आत्ता!"

"आई, थांब." तो उठून उभा राहिला होता. "तिने काही केलेलं नाही."

"तुला काय माहीत?"

"ती यायच्या आधी हाच चमचा माझ्या हातात होता. मी त्याने अंडं खाल्लं. अंड्याने चांदी काळी पडते, हे तिनेच मला ओरडून सांगितलं. रात्रभर चमचा खिडकीत होता, काळा पडला नाही. म्हणजे ती दारातून आत आली तेव्हाच तो पितळेचा होता. मला तेव्हा कळलं नाही, एवढंच. मी मूर्ख, पैज जिंकल्याच्या आनंदात होतो..." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कळलं होतं ना? म्हणून ऊन लागलं होतं?"

"पण काय हो," मुलीच्या आईने भुवया उंचावल्या, "भांडी पुसणाऱ्या मुलीची एवढी बाजू कशासाठी?"

"कारण ती मला आवडते."

बोलून गेला आणि स्वतःच थक्क झाला. बाईसाहेबांचा हात तोंडावर गेला. मुलीच्या वडिलांना ठसका लागला. भिंतीशी उभी असलेली ती तर रडायचंच विसरली. एकटी ती पाहुणी मुलगी तेवढी हळूच "बरं झालं बाई" असं पुटपुटली आणि सूप पिऊ लागली.

"आवडते!" बाईसाहेबांना वाचा फुटली. "हिने नाही, तर हिच्या बापाने केलं असणार! बारा वर्षं तो माणूस इथे दार लावून बसायचा..."

"बास!"

साहेब उभे राहिले होते. एरवी ताठ असलेला तो माणूस एका क्षणात म्हातारा दिसायला लागला.

"त्या माणसाचं नाव घेऊ नका. त्याने बारा वर्षं तोंड उघडलं नाही. आणि आज त्याची मुलगी चोर म्हणवून घेतेय, तरी गप्प आहे. तिला माहीत आहे सगळं, दिसतंय मला." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "चांदी मी विकली."

"विकली?" बाईसाहेब खुर्चीचा आधार घेत म्हणाल्या. "मला न सांगता? आणि कशासाठी?"

"दवाखान्यातल्या बाकावर बसून तू मला काय म्हणाली होतीस? काहीही करा, कुठूनही आणा, पण पोराला वाचवा. आठवतं?"

"तुम्ही म्हणालात, मित्राने मदत केली..."

"मित्र!" साहेब खिन्न हसले. "कारखाना बंद पडायला आलेला. एकही मित्र दारात उभं करत नव्हता. कपाटही रिकामं दिसलं असतं, तर उरलेल्या दोन गिऱ्हाइकांनीही पाठ फिरवली असती. लोक भांडी बघत नाहीत, कपाट बघतात."

तो टेबलाला धरून उभा होता. हात नकळत छातीवर गेला होता.

"पप्पा... ही सगळी चांदी... माझ्यासाठी?"

"चौऱ्याऐंशी नग," साहेब म्हणाले. "एकेक नेताना वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस तू अंगणात धावत आलास, ती सुरई घेऊन, आणि पाडलीस. तिला पोचा गेला. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही, ते सुरईसाठी नव्हे रे. पोचातून पितळ दिसलं, आणि तू विचारशील, हे पिवळं काय, म्हणून मला भीती वाटत होती."

तो टेबलाला वळसा घालून गेला आणि त्याने बापाला मिठी मारली. चार गोष्टी सुनावणार होता म्हणे! एक गोष्टही सुनावता आली नाही. पाहुणे कधी उठले, कधी गेले, कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईसाहेब तिच्याजवळ आल्या, काही बोलू बघत होत्या, जमलं नाही, तेव्हा त्यांनी नुसतं खाली पडलेलं फडकं उचलून तिच्या हातात दिलं आणि तो हात सोडलाच नाही.

तरी त्या दिवशी ती भांडी पुसून, मोजून, कपाटात लावूनच घरी गेली. त्याच्याशी एक शब्दही न बोलता. 'आवडते' म्हणून मोकळा झालेल्या माणसाशी बोलायचं तरी काय?

सोमवार गेला. त्याचा पत्ता नाही. तिने एकाच वाटीला तीनदा ओप दिला. बाबा पडद्याआडून म्हणाले, "वाटी झिजेल."

मंगळवारी सकाळी दुकानाच्या दारात सावली पडली.

"चांदीवाली आहेत का?"

तिने वाटी खाली ठेवली. "अंडेवाले इकडे कुठे?"

"काम घेऊन आलोय." तो समोरच्या बाकावर बसला. त्याच बाकावर. "आधी एक निरोप. पप्पांनी तुमच्या बाबांना सांगितलंय, हात बरा झाला की या, एकट्याला चहा जात नाही. आणि हो, कपाट तसंच आहे. काल एक पाहुणा आला, तर त्याला उभं करून म्हणतात, 'पितळ आहे, पण ओळखून दाखवा! आमच्या कारागिराचा हात आहे.'"

पडद्याआड बाबा जोरात खोकले. खोकला नव्हता तो.

त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि उलगडली. आत एक चिमुकला चमचा होता, तान्ह्या बाळाला भरवायचा. मुठीवर इवलंसं हरीण. आणि चमचा... काळा कुळकुळीत.

"हा पंच्याऐंशीवा, एवढा एकच विकला नाही म्हणे त्यांनी. मला याने भरवायचे. टेबलाच्या खणात ठेवून दिला होता, कुणाला दाखवला नाही, उजळला नाही. काल मला दिला." त्याने चमचा तिच्या तळहातावर ठेवला. बोटं तिथेच राहिली. "बघा बरं, खरा आहे का."

तिने बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, म्हणून काही वेळ नीट दिसेना.

"खरा आहे," ती म्हणाली. "किती काळा झालाय, बघा ना."

मग तिने पावडर घेतली, ओलं फडकं घेतलं, आणि बोटाने हळूहळू चोळू लागली. काळं निघत गेलं, आधी हरणाचे कान उजळले, मग मान, मग सगळा चमचा पांढराशुभ्र होऊन तिच्या हातात चमकू लागला. तो तिच्या बोटांकडे बघत होता. आणि मग चेहऱ्याकडे.

"परत काळा पडेल?"

"कपाटात ठेवलात तर पडेल. रोज वापरलात तर नाही पडणार. चांदीला हात लागत राहावा लागतो."

"रोज..." तो म्हणाला. "रविवारी मी जे बोललो, ते रागाच्या भरात बोललो नव्हतो. तू काहीच उत्तर दिलं नाहीस."

तू म्हणाला! तिने मान खाली घातली, वर केली, पुन्हा खाली घातली.

"मी पैज हरले होते," ती हळूच म्हणाली. "पण तो चहा काही धड प्यायले नाही. पुन्हा प्यावा लागेल... तुझ्याबरोबर."

तो हसला. मग कसं कोण जाणे, दुसऱ्या खिशातून त्याने एक उकडलेलं अंडं काढलं, बाकाच्या कडेवर टिचकवलं, सोललं, आणि तिने आत्ताच उजळलेला तो चिमुकला चमचा सरळ बलकात खुपसून एक घास घेतला.

"अरे! अरे, काय करतोस काय! काळा पडेल ना तो!"

"पडू दे," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "उद्या परत घेऊन येतो."